थकवा कधीपासून?

विभागप्रमुख बाईंनी शिकाऊ डॉक्टरांच्या थकव्याची पाहणी हाती घेतली, तेव्हा पोरं खरं लिहितील अशी त्यांना फारशी आशा नव्हती. म्हणून फॉर्मवर नाव घालू नका, असं त्यांनी बजावून सांगितलं.

दुपारी ओपीडी आटोपल्यावर त्या चहा घेत फॉर्म चाळायला बसल्या. झोप किती होते, चिडचिड होते का, रडू येतं का, यांची उत्तरं अपेक्षेप्रमाणेच होती. चौथा प्रश्न होता, 'हा थकवा कधीपासून जाणवतो?'

पहिल्या फॉर्मवर लिहिलं होतं, 'मॅडम जिन्यात कोसळल्या त्या दिवसापासून.'

दुसऱ्यावरही तेच. अक्षर वेगळं, शाई वेगळी, पण छत्तीसच्या छत्तीस फॉर्मवर तेच उत्तर.

बाई जिन्यात कधीच कोसळल्या नव्हत्या. कार्ट्यांनी मिळून आपली टर उडवली, असं वाटून त्यांनी त्यांच्यातल्या सगळ्यात गरीब स्वभावाच्या मुलीला बोलावलं.

"हा काय चावटपणा आहे गं?"

मुलगी पांढरीफटक पडली. "नाव घालायचं नव्हतं, म्हणून लिहिलं, मॅडम. एरवी आम्ही आपापसातही बोलत नाही."

"कशाबद्दल?"

"पाऊण तास आम्ही आळीपाळीने तुमची छाती दाबत होतो. माझ्या हाताखाली तुमची बरगडी मोडली." तिला रडू फुटलं. "शेवटी ड्युटीवरच्या सरांनी मृत्यूची वेळ लिहून घेतली आणि आम्ही तुमच्यावर चादर ओढली."

बाईंनी हातातला फॉर्म खाली ठेवला. "मग?"

"मग दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तुम्ही राउंडला आलात. आणि मला उशीर झाला म्हणून रागावलात."