चुकामुकीचा नियम
“चुकामूक झाली, तर शेवटचं जिथे बरोबर होतो तिथेच थांबायचं,” हा बाबांचा नियम मला लहानपणापासून पाठ. आई गेल्यापासून ते घराबाहेर पडेनात, म्हणून मी त्यांना गाडीत घालून दक्षिणेकडे निघाले. वाटेतल्या या जुन्या शहरात दिवसभर थांबायचा हट्ट मात्र त्यांचा. किल्ल्यात तोफेपाशी त्यांना उभं करून मी पाणी आणायला गेले. परतले तर बाबा गायब. त्यांचा फोन माझ्याच पर्समध्ये. नियमाप्रमाणे तोफेपाशीच थांबले. उन्हं उतरली, पहारेकरी दरवाजे लोटू लागला. नियम मोडणारे नव्हेत हो ते! मग आठवला आईबाबांचा शेवटचा फोटो, इथल्याच तलावाच्या पायऱ्यांवरचा. धावत गेले. बाबा पायरीवर बसले होते. शेजारी, आईसाठी अंथरायचे तसा, रुमाल अंथरलेला. मी टेकायला वाकले, तर म्हणाले, “तिची जागा सोडून बस.”