सात दिवसांचा हात

ॲनिमेशन स्टुडिओतली नोकरी आता सातच दिवसांची असायची. तेवढ्यात यंत्र नव्या माणसाचा हात शिकून घ्यायचं आणि माणूस घरी जायचा.

नव्याने लागलेली हर्षदा तांडेल आठवडाभर मान खाली घालून माकडाच्या उड्यांची चित्रं काढत राहिली; ती कुणी न बघता थेट यंत्रात जायची. सातव्या दिवशी यंत्राने स्वतःचं माकड काढलं. त्याची फांदी हुकली आणि ते धपकन आपटलं.

"निवडीच्या वेळी तुझी रेघ अशी नव्हती," सुपरवायझर नाडकर्णी वैतागले.

"ती उजव्या हाताची होती, सर. इथे मी डाव्याने काढलं."

तिने पेन्सिल उजव्या हातात घेतली. त्यांच्यादेखत चारच चित्रांत माकडाने फांदी गाठली.

"हा हात शिकवायला नाही, नोकरीला आलाय. ठेवायचा असेल तर बोला."