शिलाईच्या खोलीतलं मिलिंग मशीन

"मी असेपर्यंत हे धूड माझ्या शिलाईच्या खोलीत येणार नाही," असं बायको ठणकावून सांगायची. ती गेल्यावर महिन्याभरात त्याने तिचं शिलाई मशीन भंगारात काढलं आणि धातू कापायचं मिलिंग मशीन सुटं करून तिथे आणलं.

"ताई जायचीच वाट बघत होतात ना, दाजी?" वजन उचलताना मेहुणा म्हणाला.

त्याने मशीन जोडलं. दोन जबड्यांत काम आवळून धरणारा टेबलावरचा व्हाइस सरळ बसलाय का, ते बघायला जबड्याला बारीकशी हालचालही काट्याने दाखवणारा डायल गेज लावला. काटा ठेक्यात हलू लागला, पायाने शिलाई मशीन चालवावं तसा.

"पाय आपटू नकोस!" तो खेकसला.

"मी केव्हाच बाहेर आलोय," रस्त्यावरून उत्तर आलं.

त्याने जबड्यांमध्ये हात घालून गेजचं टोक दाबून धरलं; काटा थांबला. तेव्हा जबडे आवळणारं व्हाइसचं हॅन्डल त्याच ठेक्यात फिरायला लागलं.