बाहेरचे दोन नट

हे लिहिणारच नव्हतो. एक एसी बसला, एवढीच तर ऐकलेली गोष्ट. पण डोक्यातून जाईना.

मेकॅनिक मागच्या खोलीच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून भिंतीत ड्रिल मारत होता. दोन इमारतींमधली फट एवढी अरुंद, की हात लांब केला तर समोरची खिडकी लागावी. सगळा धुरळा त्याच खिडकीत जात होता. आतून खोकला सुरू झाला. थांबेचना. मग खिडकीत एक तोंड आलं.

"कोण आहे रे? माणसं राहतात इथं!"

मेकॅनिकने ड्रिल बंद केलं. समोरच्या या खोलीत तो कितीदा बसून गेला होता, पण यायचा पलीकडच्या गल्लीतून. तिची मागची बाजू इथं उघडते, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"क्रेन?"

"चष्म्या, तू होय! मग बरोबर आहे. तूच मारणार मला."

क्रेन हे त्याचं धंद्यातलं नाव. दोघं जोडीनं एसी बसवायचे तेव्हा बाहेरचं युनिट हा गडी एकटा पाठीवर टाकून चार-चार मजले चढायचा. आता छाती गेली होती. दिवसभर खिडकीला खुर्ची लावून बसायचा, कारण त्या खोलीत हवा यायला तेवढीच एक जागा होती.

"इथं लावतोयस?"

मेकॅनिकने भिंतीतल्या भोकाकडे पाहिलं. बाहेरच्या युनिटचा पंखा घरातली सगळी गरमी समोर फेकतो. समोर क्रेनचं तोंड होतं.

"थांब जरा," म्हणून मेकॅनिक आत घरच्या साहेबांकडे वळला.

"साहेब, युनिट पुढच्या गॅलरीत घेऊ."

"गॅलरीत आम्ही बसतो हो. गरम वारा तोंडावर घ्यायचा का?"

"इथं फटीत हवा खेळत नाही. गरम हवा तिथंच घुमेल. मशीन गुदमरेल."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "गुदमरेल म्हणजे? कॉम्प्रेसरला वॉरंटी आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर."

"समोर माणूस आहे, साहेब. छातीचा आजार आहे त्याला. एवढी एकच खिडकी आहे."

साहेबांनी वळून पाहिलं. मागे पलंगावर त्यांची म्हातारी आई छातीवर ओला टॉवेल घेऊन पडली होती. डोळे छताला.

"माझी आईपण आजारीच आहे," ते हळू म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "आणि गॅलरीतून इथवर पाइप आणायचा म्हणजे अख्खा हॉल फोडायचा. आत्ताच रंग दिलाय."

मेकॅनिक परत खिडकीशी आला आणि ड्रिलची वायर गुंडाळायला लागला.

"काय झालं?" क्रेनने विचारलं.

"नाही लावत मी. बघेल दुसरा कोणी."

"दुसरा बघेलच ना." क्रेन थांबला. दम घेतला. "चार बोल्ट मारेल नि पळेल. खाली रबर टाकणार नाही. रात्रभर माझ्या उशाशी धडधड. तू लाव बाबा. निदान आवाज तरी कमी येईल."

"वेडा आहेस का?"

"तोंड कमी चालव. मार भोक. मी नाकाला फडकं बांधतो."

ब्रॅकेट लागले. आधाराची दोरी साहेबांच्या हातात देऊन मेकॅनिकने युनिट त्यावर सरकवलं. पायांखाली एकाऐवजी दोन-दोन रबरं घातली. भिंतीकडचे दोन नट आवळले. बाहेरच्या दोन्हींपर्यंत मात्र हात जाईना. पोट चौकटीवर घासून सोललं, पाना दोनदा निसटला.

"दे इकडे," समोरून आवाज आला.

"राहू दे रे."

"दे म्हणतो ना. पडशील आणि माझ्या नावानं बिल फाडशील."

मेकॅनिकने पाना पुढं केला. क्रेनने तो घेतला, खिडकीतून वाकला आणि नट आवळायला लागला. अर्धा फेरा, मग दम. अर्धा फेरा, मग दम. गाल पंख्याच्या जाळीला टेकला होता. एक झाला. दुसऱ्याला फार वेळ लागला. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

"हलवून बघ," क्रेन म्हणाला.

मेकॅनिकने दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. युनिट तसूभर सरकलं नाही.

"अजून हात आहे माझा," क्रेन म्हणाला आणि खुर्चीत बसला.

मग पुढचं काम. तांब्याचे पाइप भोकातून आले, जोडले. पंप लावून आतली हवा ओढून घेतली. गॅस सोडला. मेकॅनिकने जोडांना साबणाचा फेस लावला आणि बुडबुडा येतो का ते पाहत बसला. क्रेनही पाहत होता, मान तिरकी करून, जुन्या सवयीनं. बुडबुडा आला नाही.

आत टूं असा आवाज झाला. साहेबांना धीर निघाला नव्हता, रिमोट दाबला होता. बाहेरचा पंखा लगेच फिरत नाही, दोन-तीन मिनिटं घेतो.

"लावून घे खिडकी," मेकॅनिक म्हणाला.

"लावतो की. आहे अजून वेळ." क्रेनने चौकटीला कपाळ टेकलं होतं आणि तोंड उघडं ठेवून जमेल तेवढी हवा ओढत होता. "चष्म्या."

"बोल."

"उद्यापासून चालू करायच्या आधी एक हाक मारत जा. एकदम तोंडावर नको."

उद्या मेकॅनिकचं काम शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं.

"मारीन," तो म्हणाला. "रोज मारीन. शब्द देतो."