खोलीत एकटी

"ताई, खोलीत अजून चार जणांच्या हृदयाचे ठोके ऐकू येताहेत. ही तपासणी एकट्यानेच करायची असते," असं म्हणून फोनमधली यंत्र-डॉक्टर बंद झाली.

कांचनने फोन पिठाच्या डब्यावर ठेवला. दिवाळीपासून हेच चाललं होतं. दवाखान्यातली नर्स केव्हाच गेली होती, त्यामुळे मूल न राहण्याचं इंजेक्शन आता ही फोनमधली बाईच लिहून द्यायची. नवरा ज्याच्या यंत्रमागावर कामाला होता, त्या मालकाच्या सुनेला स्वतःची खोली होती, तिला ते पाच मिनिटांत मिळालं. कांचनच्या एका खोलीत सासू, नवरा आणि दोन मुली होत्या. सार्वजनिक संडासात जावं, तर पत्र्यापलीकडे रांगेत उभ्या बायकांचे ठोके फोनला ऐकू जात.

"पोर अंगावर पितीय तोवर काय हुत न्हाई," सासू म्हणायची.

रथसप्तमीला सासू दोन्ही नातींना घेऊन हळदीकुंकवाला गेली. नवरा मागावर कामाला गेला होता. कांचन डोकं दुखतंय म्हणून मागे राहिली. तिने दार-खिडकी लावून घेतली आणि फोन लावला.

"आज मी एकटीच हाय."

"बघते, ताई." थोडा वेळ गेला. "नाही, अजून एक जण आहे. ठोके फार जलद आहेत, लहान बाळ असावं. त्याला बाहेर पाठवा."

कांचनने धाकटीच्या झोळीत पाहिलं. झोळी रिकामी होती. मग तिने पोटावर हात ठेवला आणि तशीच खाली बसली.

"ते बाहेर गेलं की सांगा, ताई," बाई म्हणाली. "मी थांबते."