खिडकीसमोरचा वाफा

सुनेने पलंगाच्या चाकांची खीळ काढली आणि सासूबाईंसकट पलंग खिडकीकडे वळवला. खिडकीचा पडदा तिने कधीच काढून टाकला होता.

"डोळे उघडा, आई. डेलिया उमललाय. बघा तरी, केवढा झालाय!"

सासूबाईंनी डोळे आणखीच घट्ट मिटले. अर्धं अंग लुळं पडलं होतं, जीभ मात्र शाबूत होती. "भिंतीकडे कर मला."

"भिंतीत काय ठेवलंय बघण्यासारखं?"

सुनेचं बाळ गेलं त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. सगळ्यांच्या देखत सासूबाई म्हणाल्या होत्या, "हिच्या हाती काही जगायचं नाही." पुढे कित्येक वर्षं त्यांनी सुनेला अंगणातल्या एका रोपालाही हात लावू दिला नव्हता.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्याच आठवड्यात तिने खिडकीसमोर कुदळ मारली. पावसाळाभर तेरडा फुलवला. त्याचा भर ओसरायच्या आत शेवंती लावली, तिच्या पाठोपाठ डेलिया. वाफा एक दिवस रिकामा म्हणून राहू दिला नाही. तितक्याच निगुतीने ती सासूबाईंचं सगळं करत होती. औषध कधी चुकलं नाही, कूस बदलायची राहिली नाही, पाठीला साधा ओरखडासुद्धा नव्हता. डॉक्टरांनी तर पावसाळ्यातच आशा सोडली होती. आता शेजारणी म्हणत, सून असावी तर अशी! ती नुसती हसायची.

तिने मऊ भाताचा चमचा पुढे केला. सासूबाईंनी तोंड फिरवलं.

"पुरे कर गं आता," त्या म्हणाल्या. "दुःखाच्या भरात बोलून गेले मी. माझंही नातवंड होतं ते."

चमचा हवेतच थांबला. भाताची दोन शितं चादरीवर पडली. इतक्या वर्षांत सासूबाईंनी बाळाचं नाव काढलं नव्हतं.

मग तिने शितं वेचली, उशी सारखी केली आणि सासूबाईंची हनुवटी हलकेच आपल्याकडे वळवली.

"तोंड उघडा, आई. मोगऱ्याला अजून अवकाश आहे. तोही बघायचाय तुम्हाला."