तोंडातले खिळे

खुर्ची म्हणजे ती. म्हणून त्याने शब्दाच्या मागे ‘ए’ लावला, चिठ्ठीवर ‘ख्रुअटे स्टूल’ असं लिहिलं आणि चिठ्ठी खुर्चीच्या पाठीला टाचली. ख्रुअट म्हणजे मोठं. स्टूल म्हणजे खुर्ची. जी भाषा खुर्चीलाच स्टूल म्हणते, तिच्याकडून शहाणपणाची अपेक्षा किती ठेवायची, असं तो लेकीला म्हणाला. त्याचा जन्म खुर्च्या मढवण्यात गेला होता.

बायको खिडकीपाशी बसली होती. अर्धांगवायूचा झटका येऊन पाच महिने झाले होते. हात परत आला, पाय परत आला, बोलणं आलं नाही. लहानपणीची भाषा कधी कधी आधी परतते, त्या भाषेत बोलून बघा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तिची लहानपणीची भाषा दक्षिण आफ्रिकेतली, आफ्रिकान्स. लग्नाच्या चाळीस वर्षांत त्याने त्यातला एकही शब्द शिकून घेतला नव्हता. गरजच पडली नाही. मराठी तीच शिकली, आणि तीही अर्धीमुर्धी, असं तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा. दगडाला पाझर फुटेल, पण हिची खुर्ची काही ‘ती’ व्हायची नाही.

लेकीला दोन्ही भाषा येत होत्या. पण लेक रविवारी आपल्या घरी परत जाणार होती. मग या घरात दोघंच. आणि एकही शब्द नाही.

म्हणून चिठ्ठ्या.

साख्टे कसिंग. (मऊ उशी. उशी ती, तिला ‘ए’.)
हार्ट ब्रुअट. (कडक पाव. पाव तो, त्याला काही नाही.)
कोउट वाटर. (गार पाणी. पाणी ते, त्यालाही काही नाही.)

लेकीने कपाळाला हात लावला. तिकडे वस्तू बाई की बुवा हे कोणी विचारत नाही, म्हणाली. पाणी गार आहे म्हटलं तर कोउट, पण गार पाणी म्हटलं की कोवे. मग मोठ्याचंही तसंच असणार, तो म्हणाला. नाही, मोठा कुठेही तसाच राहतो. का राहतो? राहतो, बाबा. ही आंधळी कोशिंबीर आहे, असं म्हणून त्याने पेला भरला आणि बायकोपुढे धरला.

“कोउट वाटर.”

“कोवे,” ती म्हणाली.

आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा होता. पेल्यातलं पाणी त्याच्या हातावर सांडलं.

त्या दिवशी बायको आणखी दोनदा बोलली. त्याने ख्रुअटे स्टूल म्हटलं, ती म्हणाली ख्रुअट. त्याने पाव दाखवला, ती म्हणाली हार्डे. उशीला मात्र काही बोलली नाही. उशीची चिठ्ठी चुकून बरोबर होती.

त्याला वाटलं, नीट शिकलो तर ती घडाघडा बोलेल. तीन दिवस तो पाठांतराला बसला. लेकीने जुन्या चिठ्ठ्या फाडून नव्या लिहून घेतल्या. शनिवारी सकाळी तो इस्त्रीचा सदरा घालून बायकोसमोर उभा राहिला.

ख्रुअट स्टूल.
—
हार्डे ब्रुअट.
—
कोवे वाटर.
—

एकही चूक नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि खिडकीकडे तोंड वळवलं. त्याने सगळं पुन्हा म्हटलं, मोठ्याने. काही नाही. ‘ए’ लांबला का? आखूड झाला का? की आलेले तीन शब्दही गेले?

तो घरामागच्या कारखान्यात गेला. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकले आणि एका खुर्चीच्या बैठकीवर हातोडी चालवायला लागला. काम करताना खिळे ओठांत धरायचे, जिभेने एकेक पुढे सरकवायचा, ही त्याची चाळीस वर्षांची रीत. त्यामुळे दिवसभर बोलणं नाही. बायको चहा घेऊन दाराशी यायची आणि विचारायची, “अहो, तुमचा खुर्ची झाला का?” मग त्याला राहवायचं नाही. तो खिळे तळहातावर काढायचा आणि वैतागून सांगायचा, खुर्ची ती, झाली का म्हण. काढलेच आहेत तर चहा संपेपर्यंत बोलायचाही चार गोष्टी.

लेक येऊन पाटावर बसली. त्याने खिळे काढले. त्याला काहीच उमगत नाही, म्हणाला. चुकत होतो तेव्हा बोलत होती, बरोबर बोललो तर गप्प. पुढे म्हणाला, आपण हिला चाळीस वर्षं सुधारलं, ती सुधारली नाही. आपण तीन दिवसांत सुधारलो, तर ही रुसली.

लेक त्याच्या तळहाताकडे बघत होती.

“बाबा, आई माझ्याशी बोलताना कधीच चुकली नाही.”

“म्हणजे?”

“दूधवाल्याशी नाही, शेजारच्या काकूंशी नाही. फक्त तुमच्याशी चुकायची. मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक आहे.”

त्याने तळहातावरच्या खिळ्यांकडे पाहिलं. मग खिळे डब्यात टाकले. डब्याला झाकण लावलं.

घरात येऊन त्याने पेला भरला.

“कोउट वाटर,” तो म्हणाला.

ती खिडकीकडून वळली. “कोवे.”

“कोउट,” तो ठोंब्यासारखा म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. हातातला पेला, अंगातला इस्त्रीचा सदरा, रिकामे ओठ. मग तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. तिने समोरच्या चिठ्ठीवाल्या खुर्चीकडे बोट केलं.

“मोठा खुर्ची,” ती मराठीत म्हणाली. “घ्या. बसा.”